दिवसभर फक्त स्टील गिटार : अंबाजोगाईत असा दिवस लावावा का, आणि लावला तर कसा?

जोगाईची_लेक, अंबाजोगाई

राम राम मंडळी.

आमच्या संगीत मंडळाचा महोत्सव मार्गशीर्षात, योगेश्वरीच्या यात्रेच्या मागंपुढं असतो. तीन दिवसांचा. पहिला दिवस गायनाचा आणि शेवटचा भजन-भारुडाचा, यात बदल नाही. मधला दिवस वाद्यांचा. तिथं आजवर बासरी झाली, सतार झाली, संतूर झालं, एकल तबलाही झाला. यंदा मी बैठकीत मांडलं की मधला दिवस सगळाच्या सगळा स्टील गिटारला देऊ. सकाळी सातला सुरू, रात्री दहाला भैरवी.

बैठकीत दोन गट पडले. एक म्हणतो, एकच वाद्य दिवसभर कोण ऐकणार, दुपारपर्यंत सतरंज्या मोकळ्या होतील. दुसरा म्हणतो, गिटार हे ऑर्केस्ट्रातलं वाद्य, शास्त्रीयच्या मांडवात कशाला? दोन्हीकडची माणसं जुनी आणि कामाची आहेत. त्यांच्याशिवाय महोत्सव उभा राहत नाही. म्हणून पुढच्या बैठकीला पूर्ण तयारीनं जायचंय.

माझा आग्रह कशासाठी ते सांगते. मी पेटी शिकवते. पेटीवर एक पट्टी सुटते तेव्हा दुसरी लागते, मधे काही नसतं. स्टील गिटारमध्ये दोन स्वरांच्या मधली अख्खी वाट ऐकू येते, कारण डाव्या हातातला पोलादी बार तारेवर टेकून सरकत राहतो. आपल्याकडचा माणूस कीर्तनात वाढलाय. बुवांनी अभंगाआधी नुसतं 'विठ्ठल' म्हणून सूर लांबवला तरी त्यातलं वळण त्याला बरोबर कळतं. त्याला मींड, म्हणजे हे सुरावरून सुरावर सरकणं, समजावून सांगावं लागत नाही. हे वाद्य त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही, एवढंच आहे.

आणखी एक मनात आहे. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या कॅसेटी आमच्या भागात डॉक्टर, वकील, मास्तर, सगळ्यांच्या घरी होत्या. त्यातून शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसादजींची बासरी घरोघरी गेली. तिसरे वादक होते पंडित ब्रिजभूषण काब्रा. गिटार त्यांची होती, आणि नाव विचारलं तर दहातले नऊ जण थांबतात. ते २०१८ साली गेले. त्यांनी जी वाट पाडली तिच्यावर चालणारी माणसं आज वाजवतायत. त्यांना आपल्या मांडवात बसवायचं आहे.

आता प्रश्न. दिवसाची बांधणी कशी करावी, म्हणजे चार-पाच वादक झाले तरी ऐकणाऱ्याला तेच तेच वाटणार नाही? सिनेमातली गाणी ठेवावीत का? डिसेंबरात इथं बालाघाटावर पहाटे चांगलीच थंडी असते आणि दुपारी मांडव तापतो, वाद्यांचं काय होईल? आणि साउंड? मागं संतूरच्या वेळी माइकनं शिट्ट्या मारून जीव नकोसा केला होता.

ज्यांनी हे वाद्य वाजवलंय, ऐकवलंय किंवा नुसतं जवळून ऐकलंय, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

षड्ज_पंचम, छत्रपती संभाजीनगर

ताई, दिवस नक्की लावा. मी स्लाइड गिटार शिकतो आणि थोडीफार शिकवतो, म्हणून जरा लांब लिहितो.

तोचतोचपणाची भीती खरी आहे, पण ती एकाच घरातले चार वादक ओळीनं बसवले तर. स्टील गिटार हे एक वाद्य नव्हे, मोठं कुटुंब आहे. हवाई बेटांवर जोसेफ केकुकु नावाच्या मुलानं १८८९ च्या सुमारास गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर पोलादाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली, असं मानतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथून हा आवाज अमेरिकाभर गेला. आपल्याकडे तो कोलकात्यात उतरला. टाऊ मो हे हवाईचे कलावंत १९४० च्या दशकात कुटुंबासह तिथं राहिले होते. गार्नी निस यांचा 'अलोहा बॉईज' हा वाद्यवृंदही कोलकात्याचाच. बंगालात पुढं घरोघरी मुलं-मुली हवाईयन गिटार शिकू लागली ती या हवेतून.

काब्राजींनी काय केलं, तर हे वाद्य गाणी वाजवण्यातून बाहेर काढलं. ते जोधपूरचे, शिकले उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे. म्हणजे गुरू सरोद वाजवणारे आणि हातात गिटार. आलाप, जोड, झाला हे रागाचे संथापासून वेगापर्यंतचे टप्पे क्रमानं मांडायचे तर नुसत्या सहा तारा पुरत नाहीत, म्हणून त्यांनी चिकारीची, म्हणजे मधेमधे छेडायच्या वेगळ्या तारांची, सोय केली. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी त्याच्या पुढं जाऊन बारा तरफा, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा, चढवल्या. त्यांच्या मोहनवीणेला एकूण वीस तारा. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेव्हा हे वाद्य जगाला दिसलं. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य काब्राजींचे शिष्य. त्यांची चतुरंगी चोवीस तारांची, गांधर्वी चौदा तारांची आणि आनंदी तर अवघ्या चार तारांची. बनारसच्या डॉ. कमला शंकर यांची शंकर गिटार आणखी वेगळी, तिच्यात गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, जास्त.

हे सांगायचं कारण, तुम्ही वादक निवडताना 'तरफा आहेत की नाहीत' हे आधी विचारा. तरफांचं वाद्य वाजून थांबलं तरी मागं सूर भरून राहतो. बिनतरफांच्या वाद्यात प्रत्येक स्वर एकटा उभा असतो, त्याचा कणसूर लपत नाही. एक तरफांचं, मग एक बिनतरफांचं, असं ठेवलंत तर कान आपोआप ताजा राहील. साथसुद्धा बदला. एखाद्या सत्राला तबल्याऐवजी पखवाज ठेवा. आपल्याकडे पखवाजाला तोटा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे वाद्य मांडीवर आडवं असतं. सतारीचा हात श्रोत्याला दिसतो, इथं वादकाचा डावा हात तिसऱ्या ओळीच्या पुढं कुणालाच दिसत नाही. आणि सगळी गंमत तिथंच आहे. गिटारच्या दांडीवरचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, खाली नुसते खुणेला असतात, तारा त्यांच्यापासून वर उचललेल्या असतात. बार पडद्याच्या तारेच्या बरोबर वर आला तरच सूर, केसभर इकडेतिकडे झाला की बेसूर. बारच्या मागं दोन बोटं तारेवर हलकी टेकवलेली असतात, नको ती झणझण दाबायला. हे दिसलं पाहिजे. व्यासपीठ नेहमीच्या साडेतीन फुटांचं नको, दीड फुटाचं करा आणि बैठक तिन्ही बाजूंनी घ्या. जमलं तर वरून एक कॅमेरा लावून हात मोठ्या पडद्यावर दाखवा.

सिनेमाची गाणी मात्र ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बैठकीतला तुमचा दुसरा गट जे म्हणतोय तेच आपण आपल्या हातानं सिद्ध केल्यासारखं होईल.

---

लातूरचा_जुना_वादक

वरच्या पोरानं चांगलं लिहिलंय. शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी त्याच्याशी सहमत नाही.

मी लातूर-उदगीर-बार्शी पट्ट्यात ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवली. गणपती, लग्नं, कारखान्यांचे कार्यक्रम. त्या काळात हे वाद्य आमच्यापर्यंत रागदारीतून आलं नाही. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांतून आलं. त्यांनी सिनेमातली गाणी शब्दांवाचून वाजवली आणि तरी ऐकणाऱ्याला शब्द ऐकू यायचे. कसे? 'ये' म्हणताना गाणारा खालून सूर घेत वर जातो, 'हाय' म्हणताना वरून सोडतो. ते जाणं-येणं बारनं जसंच्या तसं उचलता येतं. त्यासाठी मूळ गाणं श्वासासकट पाठ लागतं. हे काम हलकं आहे असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटतं.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती सहसा कुणी सांगत नाही. इलेक्ट्रिक गिटारला आवाजाचं बटण उजव्या हाताच्या करंगळीच्या टप्प्यात असतं. तार छेडताना बटण बंद ठेवायचं, छेडल्याबरोबर करंगळीनं उघडायचं. म्हणजे छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, सूर कुठूनसा उगवतो आणि वाढतो. अंगठ्यात पिक (तार छेडायची नखी), दोन बोटांत पिक, त्याच हाताची करंगळी बटणावर, आणि डाव्या हातात बार. आम्ही हे महिनोन्‌महिने घोटायचो. काही जण पायातल्या पेडलनं करतात, तेही चालतं. पण करंगळीनं येतो तो हुंकार वेगळा.

ताई, दुपारी जेवणानंतरचा तास या गाण्यांना द्या. ज्यांना रागाचं नाव कळत नाही ती माणसं त्या तासाला येतील, आणि आली की संध्याकाळपर्यंत बसतील. गाणी संथ निवडा. पन्नास-साठच्या दशकातली, ज्यांत मुळातच मींड आहे. उडती गाणी या वाद्यावर मजा देत नाहीत.

---

साउंड_नांदेड

साउंडचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

मोहनवीणा किंवा तसलं पोकळ पोटाचं वाद्य असेल तर वादकाच्या समोरचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, हा तुमचा पहिला वैरी. आवाज वाद्याच्या पोटात घुसतो, पोट गुंजतं, माइक ते परत उचलतो आणि शिट्टी सुरू. मॉनिटर बाजूला, थोडा मागं आणि कमी. सबवूफर बंद ठेवलेत तरी काही बिघडत नाही. डग्ग्याला थोडं खालचं लागतं, तेवढं त्याच्या चॅनलवर द्या.

वाद्यात पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारं यंत्र, असेल तर तो मुख्य तारा चांगल्या उचलतो, तरफा जवळजवळ सोडून देतो. म्हणून पिकअपबरोबर एक कंडेन्सर माइक (बारीक आवाज टिपणारा) घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपासून, वीतभर अंतरावर लावायचाच. दोन्हीचं मिश्रण करताना वादकाला विचारा, त्याला माहीत असतं.

इलेक्ट्रिक गिटारचा त्रास वेगळा. तिचा पिकअप मांडवातल्या डिमरच्या दिव्यांची घुंघुं उचलतो. दिव्यांची लाइन आणि साउंडची लाइन वेगळी घ्या, अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत नीट ठोका. जनरेटरवर जायची वेळ आली तर आधी तपासून घ्या. तरी घुंघुं राहिलीच तर वादकाला स्टूलसकट थोडं फिरवून बसवा. दिशा बदलली की पुष्कळदा आवाज निम्मा होतो. हे करून बघा, खर्च काही नाही.

कॅमेऱ्याची सूचना चांगली आहे. फक्त कॅमेऱ्याची वायर साउंडच्या वायरीजवळून नेऊ नका.

---

धिरधिर_परभणी

तबल्याच्या बाजूनं दोन शब्द.

स्लाइड गिटारचे बरेच वादक षड्ज पेटीच्या पांढरी दोन पट्टीच्या आसपास धरतात. तबलजीला आधी विचारून त्या सुराचा तबला आणायला सांगा, आणि एक जादाचा. मांडवातल्या हवेनं तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरते-चढते.

या वाद्याच्या साथीला बसलं की हात आवरावा लागतो. तारेवर सूर लांब चाललाय, त्याच्या मधे आपण तिरकिट भरलं की वादकानं जे कष्टानं जोडलंय ते आपण तोडतो. विलंबितात ठेका स्वच्छ, भरीव, बास. द्रुतात तो जागा देतो तेव्हा मनसोक्त वाजवा. तरुण तबलजी बोलावणार असाल तर हे आधी बोलून घ्या.

थंडीचं ताईंनी विचारलंय. तार पोलादी आहे, गार पडली की सूर चढतो, तापली की उतरतो. उबदार खोलीतून वाद्य थेट गार मांडवात आणलं तर पंधरा मिनिटांत वीसच्या वीस तारा हलतात. वाद्य तासभर आधी व्यासपीठावर आणून ठेवायचं, पेटी उघडी, वरून सुती कापड. दुपारी ऊन ज्या बाजूनं येतं तिकडं कनात लावा. आणि दोन सत्रांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. राग बदलला की तरफा सगळ्या नव्यानं लावाव्या लागतात. सूत्रसंचालकाला सांगून ठेवा की वादक तारा लावत असताना त्यानं माइकवर बोलायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो.

तो अर्धा तास ऐकवण्याला वापरा, पण दुसऱ्या जागेत. शेजारच्या खोलीत नुसते स्पीकर लावून ध्वनिमुद्रणं ऐकवा. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतो, दक्षिणेत चित्रवीणेवर तसाच ठोकळा फिरतो. लोकांना कळू द्या की तारेवर काहीतरी सरकवून वाजवणं आपल्याला परकं नाही. 'गिटार कशाला' म्हणणाऱ्या गटाला त्या खोलीत पहिलं बोलवा.

---

जोगाईची_लेक, अंबाजोगाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून बैठकीत वाचून दाखवलं. दिवस मंजूर झाला!

सिनेमाच्या गाण्यांचं मी लातूरच्या काकांचं ऐकलं. षड्ज_पंचम, राग मानू नका. तुमची काळजी मला कळते, पण आमच्या मंडळानं आजवर कुणाला 'तुमचं ऐकणं कमी प्रतीचं' असं सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाही. मात्र त्या तासाला अट घातली आहे. कीबोर्ड नाही, पॅड नाही. गिटार, तबला आणि तानपुरा एवढंच.

क्रम असा ठरलाय. सकाळी सातला अहीरभैरव, तरफांचं वाद्य. मग तोडी, बिनतरफांचं. बारानंतर शुद्ध सारंग, साथीला पखवाज. जेवण. मग गाण्यांचा तास. चारच्या पुढं मुलतानी. दिवेलागणीला पूरिया धनाश्री. रात्री बागेश्री आणि भैरवी. वादक परळीपर्यंत रेल्वेनं येतील, तिथून पंचवीसेक किलोमीटर आमच्या गाडीनं. वाद्यांच्या पेट्या मागच्या सीटवर, डिकीत नाहीत, हे चालकाला आताच सांगून ठेवलंय.

झालं की इथंच लिहीन.

---

जोगाईची_लेक, अंबाजोगाई

दिवस पार पडला. चार दिवस थकव्यात गेले म्हणून लिहायला उशीर.

सकाळी सातला निम्मा मांडव भरलेला होता, शाली-मफलरीतली माणसं. वादक सव्वासहालाच येऊन बसले होते, वाद्य उघडं ठेवून. बोटं गार पडू नयेत म्हणून बार खिशात ठेवला होता. अहीरभैरवचा आलाप पाऊण तास चालला. कोमल रिषभावर ते ज्या तऱ्हेनं येत होते, म्हणजे षड्जापासून निघायचं, रिषभाच्या जरा वर जायचं आणि मग अलगद खाली टेकायचं, ते वरच्या कॅमेऱ्यामुळं पडद्यावर अख्ख्या मांडवाला दिसत होतं. कॅमेऱ्याची सूचना ज्यांनी केली त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. माझ्या मागं दोन शेतकरी बसले होते, यात्रेला आलेले. एक दुसऱ्याला म्हणाला, "आरं, ह्यो इस्त्री फिरवल्यावानी फिरवायलाय, अन्‌ आवाज माणसाचा यायलाय." ते दोघं दुपारच्या जेवणापर्यंत हलले नाहीत. पुढं वादकांना मी हे सांगितलं तर ते दोघांना भेटायला खाली उतरले आणि त्यातल्या एकाच्या हातात बार दिला. बार चांगला जड असतो. "एवढं वजन तारेवर घालायचं आन्‌ तार दाबायची नाही?" असं त्यानं विचारलं. वादक म्हणाले, बरोबर ओळखलंत, सगळा रियाज त्याचाच.

तोडीचं सत्र अवघड गेलं. हे सांगायला हवं, कारण पुढं कुणी असा दिवस लावेल. वादक तयारीचे होते, राग उत्तम मांडला, पण साडेनऊ-दहाला ऊन एकदम वाढलं आणि त्यांना दर दहा मिनिटांनी खुंटीला हात लावावा लागला. कनात होती, पण ऊन वरून छतातूनच आलं. पुढच्या वेळी त्या वेळेचं सत्र मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये घेऊ.

पखवाजाबरोबरचा सारंग मला स्वतःला सगळ्यात आवडला. परभणीकर, तुम्ही तबल्याला जे लिहिलंत ते मी पखवाजवाल्या बुवांना जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. त्यांनी आलापानंतर चौतालाचा ठेका धरला आणि बराच वेळ त्यात एक अक्षर जादा वाजवलं नाही. गिटारचा सूर थापेनंतरही चालत राहायचा आणि पुढच्या थापेला मिळायचा. हे दोन्ही एकत्र फारसं कुणी ऐकत नाही, आणि का ऐकत नाही ते मला कळलेलं नाही. ही जोडी पुन्हा पुन्हा बसवण्यासारखी आहे.

गाण्यांच्या तासाला मांडवाबाहेर माणसं उभी होती. करंगळीचं बटण सगळ्यांना दिसलं. वादकानं पहिल्या गाण्याआधी तेवढं दोन मिनिटांत करून दाखवलं, एकदा छेडून आणि एकदा टणत्कार लपवून. त्यानंतर बायका शब्द गुणगुणायला लागल्या, पुढं तर वरच्या सुरात गायला लागल्या, आणि वादकानं अंतऱ्याला गिटार बारीक करून त्यांनाच गाऊ दिलं. षड्ज_पंचम, तुम्ही तिथं होतात, तुम्हीच काय ते लिहा.

शेजारच्या खोलीचंही सांगते. तिथं विचित्रवीणा आणि चित्रवीणा तर ऐकवलीच. त्याशिवाय एका तरुण सभासदानं अमेरिकेतलं 'सेक्रेड स्टील' ऐकवलं. तिथं कृष्णवर्णीयांच्या हाउस ऑफ गॉड या चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून प्रार्थनेला स्टील गिटार वाजते. प्रवचनकार बोलतो आणि गिटार त्याला उत्तर देते, मग सगळी मंडळी उभी राहून टाळ्या धरतात. दुसऱ्या दिवशीच्या भजनाला आलेले आमचे एक वयस्कर विणेकरी ते ऐकत बसले होते. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाले, "धुपद धरायलेत." म्हणजे भजनातलं ध्रुपद, पालुपद. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही. जे चाललंय ते त्यांनी अचूक ओळखलं. 'गिटार कशाला' म्हणणारे आमचे दोन ज्येष्ठ तिथंच होते. ते दोघंही रात्री बागेश्रीला पुढच्या ओळीत होते.

साउंडनं एकदाही शिट्टी मारली नाही. घुंघुं आली ती दिवेलागणीला, रंगीत दिवे लावल्याबरोबर. स्टूल फिरवून गेली नाही, शेवटी ते दिवे बंद करून साधे हॅलोजन लावले.

---

षड्ज_पंचम, छत्रपती संभाजीनगर

हो ताई, होतो. गाणी ठेवली हे योग्य झालं. एवढंच नाही, त्या तासातली दोन माणसं रात्री माझ्याजवळ येऊन बागेश्री म्हणजे काय ते विचारत होती.

फक्त एक सुचवतो. गाणी वाजवणाऱ्यांनी मधे एकदा तोच सूरविस्तार रागातून करून दाखवला असता तर दोन्ही बाजू जोडल्या गेल्या असत्या. पुढच्या वेळी तसं सांगा.

---

भूम_परांड्याचा

मी श्रोता म्हणून आलो होतो. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, त्या दिवसापासून तिनं गिटारचा हट्ट धरलाय. आमच्याकडे शिकवणारं कुणी नाही. घरात साधी गिटार आहे, तिच्यावर सुरुवात होते का? की थेट तरफांचं वाद्य घ्यावं?

---

लातूरचा_जुना_वादक

थेट तरफांचं वाद्य घेऊ नका. वीस तारा लावण्यातच पोरीचा दिवस जाईल आणि ती कंटाळेल.

घरातल्या गिटारवर सुरुवात होते. माथ्याकडच्या पट्टीवर बसवायची एक धातूची उंच पट्टी मिळते, तिनं तारा वर उचलल्या जातात. ती मोठ्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात मागवा. गिटार नायलॉनच्या तारांची असेल तर मात्र नको, पोलादी तारांचीच हवी. बार भरीव घ्या, पोकळ नळी नको, आणि तिच्या हाताला झेपेल असा थोडा आखूड. पहिले काही महिने एकाच तारेवर सा-रे-ग-म, तानपुरा लावून, आणि बार बरोबर पडद्याच्या वर आलाय का ते डोळ्यांनी बघत. मग डोळे मिटून. गायनाचा क्लास मिळत असेल तर तो आधी लावा. जो गाऊ शकतो त्याचाच बार सुरात येतो.

रविवारी लातूरला येणं होत असेल तर तिला घेऊन या. माझ्याकडची जुनी सहातारी तिच्या मांडीवर ठेवून बघू, कितपत उंचीचं स्टूल लागतं ते कळेल.

---

जोगाईची_लेक, अंबाजोगाई

काका, आमच्याकडच्याही दोन मुली विचारतायत, एक आठवीतली आणि एक कॉलेजातली. भूमच्या दादांनी रविवार ठरवला की मला इथंच कळवा. मी त्या दोघींना घेऊन सकाळच्या एसटीनं येते. तानपुरा माझा आणते.